न शिवता वाजणारं खोकं

तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी मागच्या खोलीत चटईवर बसले होते, आणि मला वाटलं, पुढच्या खोलीत कुणीतरी बाई गळा काढून रडतेय. लग्न होऊन सोलापुरात आल्याला जेमतेम काही महिने झाले होते. घरात बायका दोनच, मी आणि सासूबाई. मी तर इथे बसलेली. आणि सासूबाई रडतील ही गोष्ट तेवढ्या ओळखीवरही मला शक्य कोटीतली वाटत नव्हती. आवाज चढत चढत अगदी पातळ झाला, वर जाऊन थरथरला आणि एकदम घसरून खाली आला. काय झालंय ते उठून बघायचीही सोय नव्हती, कारण मी त्या दिवशी बाजूला बसलेली होते.

बाजूला बसणं म्हणजे काय हे आता माझ्या नातीला समजावून सांगावं लागतं, आणि सांगताना मला लाज वाटते आणि रागही येतो. पाळीचे तीन दिवस घरातल्या कशाला हात लावायचा नाही, कुणाला शिवायचं नाही. मागच्या अंगणाला लागून एक लहान खोली होती. तिथे एक चटई, एक तांब्या, एक ताट. जेवण लांबून वाढायचं. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायचं आणि मग आत. माझ्या माहेरी साताऱ्याला आईने हे सगळं कधीच बंद केलं होतं, त्यामुळे इथे पहिल्या महिन्यात सासूबाईंनी दारातून चटई माझ्याकडे सरकवली तेव्हा मी खुळ्यासारखी बघतच राहिले. ही रीत चांगली होती असा अर्थ पुढचं वाचून कुणी काढला तर माझं त्याच्याशी भांडण आहे.

मला सगळ्यात जास्त चीड यायची ती पेटीची. वडील गाणं शिकवायचे, त्यामुळे सुरांत वाढलेली मी. लग्नात मला दागिन्यांपेक्षा माझी हार्मोनियम बरोबर आणता आली याचा आनंद जास्त होता. इथे आल्यावर काय झालं? महिन्यातले बाकीचे सगळे दिवस सकाळपासून भाकऱ्या, धुणं, पाणी भरणं, दोन दिरांचे डबे, नवऱ्याची मिलची पाळी. पेटीला हात लावायला सवड म्हणून नाही. आणि सवडीचे जे तीन दिवस मिळायचे, त्यात पेटीला शिवायचं नाही. मी त्या खोलीत बसून गुडघ्यावर बोटं वाजवायची.

तर तो आवाज. आमचे सासरे, म्हणजे मामंजी, कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. रद्दीत निघालेल्या कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांना एक आकृती सापडली होती आणि गेलं वर्षभर ते जुन्या रेडिओंचे व्हॉल्व्ह जमवून काहीतरी जुळवत होते. त्या वाद्याला तिकडे थेरेमिन म्हणतात. तेव्हाच पन्नासेक वर्षं जुनं, तिकडेही फार थोड्यांनी वाजवलेलं. सोलापुरात तसलं दुसरं असण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या घरात ते नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. पेटी म्हणावं तर पेटी म्हणजे माझी हार्मोनियम. म्हणून सगळे त्याला खोकं म्हणू लागले.

दिसायला खोकंच होतं. उजव्या बाजूला एक उभी पितळी काठी, डाव्या बाजूला आडवी वाकवलेली एक कडी. ना पट्ट्या, ना तारा, ना भाता. बटण लावायचं आणि समोर उभं राहून दोन्ही हात हवेत धरायचे. उजवा हात काठीजवळ नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. डावा हात कडीवरून उचलला की आवाज मोठा होतो, खाली आणला की मिटतो. हात कशालाच लावायचा नाही. मामंजींनी हे सगळं तंत्र अगदी बरोबर जमवलं होतं. फक्त त्यांना सुराचा कान नव्हता. सा आणि म यांतला फरक ते आकड्यांनी सांगू शकत, कानांनी नाही.

त्या दुपारी ते तासभर सा शोधत होते. शेवटी मला राहवेना. आजवर त्यांच्याशी आपणहून एक शब्द न बोललेली मी आतून ओरडले, "मामंजी, खाली आहे तो. किंचित वर घ्या!"

बाहेर सूर तुटला. मग त्यांचा आवाज आला, "किती?"

"एवढासा. हां, हां, झाला. आता हलू नका."

ते हलले. सूर गेला. असं दोन-चारदा झाल्यावर ते म्हणाले, "सूनबाई, असं करा, तुम्हीच या इकडे."

स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "ती बाजूला बसलीय."

"अगं, पण याला शिवायचंच नसतं."

सासूबाई पदराला हात पुसत मधल्या खोलीत आल्या. मला दारातून त्यांची पावलं तेवढी दिसत होती. मामंजी त्यांना समजावून सांगत होते आणि त्या एकेक प्रश्न विचारत होत्या, वकिलासारखे. काठीला शिवायचं नाही? नाही. त्या कडीला? नाही. खोक्याला? त्यालाही नाही, शिवलं की उलट बिघडतं. बटणाला? बटण मी लावीन. मी मनात म्हटलं, आता दोघांची जुंपणार आणि तीही माझ्यापायी.

"मग वाजवेना का," सासूबाई म्हणाल्या. "शिवत नाही तर माझं काय जातंय?"

मी थक्क झाले. ज्या बाईने माझ्या ओल्या साडीचा काठ दोरीवरच्या दुसऱ्या कपड्याला लागला म्हणून सगळं धुणं पुन्हा खळबळायला लावलं होतं, तिने हे म्हणावं? पण नंतर कळलं की त्यांच्या हिशेबात यात नवल काहीच नव्हतं. नियम शिवण्याचा होता. शिवणं नाही तिथे नियम नाही.

मामंजींनी स्टुलावर ठेवून खोकं माझ्या खोलीच्या उंबऱ्यापाशी आणलं, वायर ओढून बटण लावलं आणि चार हात मागे सरकून उभे राहिले. मी उजवा हात पुढे केला. आवाज आला, पण कसा? उचकी लागल्यासारखा. हं, हं, हं, हं. मामंजी घाबरून आत काही जळलं का बघायला धावले. दोष खोक्याचा नव्हता, माझ्या डाव्या हाताचा होता. जन्मभर पेटीचा भाता मारलेला तो हात इथेही आपला हवेत मागेपुढे भाता मारत बसला होता. तो थांबवायलाच मला ती दुपार लागली.

दुसऱ्या दिवशी सूर लागला. काय सांगू? पेटीत सूर आधीच कापून ठेवलेले असतात, एकाकडून दुसऱ्याकडे जायचं तर मध्ये भिंत. इथे भिंतच नाही. मध्यमावरून गंधारावर उतरायचं तर हात जरासा मागे घ्यायचा आणि मधली सगळी वाट ऐकू येते, गळ्यातून यावी तशी. माझ्या अंगावर काटा आला. मला गाता येत होतं, पण या घरात सुनेनं मोठ्याने गाणं शोभलं नसतं. आणि इथे मी तोंड मिटून उभी होते आणि घरभर गात होते!

चौथ्या दिवशी न्हाऊन मी आत आले आणि खोकं मामंजींच्या कपाटावर गेलं. बाकीच्या दिवसांत मी एकदा त्याच्याकडे बघत उभी राहिले तर सासूबाई म्हणाल्या, "उभं राहायला कामं संपली होय?" त्या कामांतून सुटका फक्त त्या तीन दिवसांत होती. म्हणजे माझ्याकडे महिन्याला तीन दुपारी होत्या आणि त्यात मला या वाद्यासाठी एक चाल बांधायची होती. शब्द नसलेली, फक्त या वाद्याचीच. पेटीवरची उसनी आणलेली नको, गाण्याची नक्कल नको. दुपारची वेळ म्हणून भीमपलास घेतला.

पहिल्या महिन्यात जे बांधलं ते दुसऱ्या महिन्यात मी टाकून दिलं. ऐकताना मलाच गुदमरायला झालं. का, ते लवकर उमजेना. मग लक्षात आलं की त्यात श्वासच नाही. माणूस गातो तर दमतो, भात्यातली हवा संपते, पण हे खोकं दमतच नाही. मग मी गात असल्यासारखी मनातल्या मनात श्वास घेऊ लागले आणि श्वासाबरोबर डावा हात खाली आणू लागले. चाल माणसात आली. समोरच्या कारखान्यात माग चालत, त्यांच्या खटखटीवर ठेका धरून पाहिला, पण दोन माग कधी एका लयीत चालत नाहीत. शिवाय सगळे माग सुरू झाले की आमच्या घरातले दिवे मंद होत आणि खोक्याचा सूर खाली बसे. ते खाली बसणं गृहीत धरूनच हात धरायला शिकले.

या वाद्याची आणखी एक खोड होती. वाजवणाऱ्याचं अंग हा त्याचाच भाग. आणि जवळ दुसरं कुणी आलं तर त्याचंही अंग त्यात मिसळतं, सूर चढतो. मोकळ्या घरात ते वाजवणं अशक्य होतं, दीर नुसते पाणी प्यायला उठले तरी सगळं बिनसायचं. पण माझ्या खोलीजवळ त्या दिवसांत कोण येणार? सगळे आपापलं अंग सांभाळून लांबूनच जायचे. ज्या गोष्टीने मला माणसांतून उठवलं होतं, तिनेच या वाद्याला हवी तेवढी मोकळी जागा करून दिली होती. हे लक्षात आलं तेव्हा हसावं की रडावं कळेना.

अपवाद एकच. शेजारच्या काकू. लिंगायत, किराणा दुकानवाल्यांच्या घरच्या, माहेर अक्कलकोटच्या बाजूचं. एका दुपारी त्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन थेट माझ्या खोलीतच शिरल्या. मी हळुवार पंचमावर होते. काकू जसजशा जवळ आल्या तसतसा सूर वर गेला आणि खोक्याने अशी किंकाळी फोडली की काकूंच्या हातची चटणी सांडली.

"अगं यव्वा! मला बघून वरडलं की गं हे!"

"काकू, मी बाजूला बसलेय."

"बस की. आमच्यात न्हाय बाई असलं कायबी. देव गळ्यातच हाय आमच्या, त्यो कुटं जाऊन बसनार बाजूला?"

गळ्यातल्या इष्टलिंगाबद्दलचं ते बोलणं मला इतकं आवडलं की मी हसत सुटले. मधल्या दारातून सासूबाईंनी मान आत घातली आणि शांतपणे म्हणाल्या, "बघितलंत? शिवू नये म्हणतात ते उगाच नाही. खोक्यालासुद्धा कळतं."

असे महिने गेले. अस्थाई बांधून झाली, आणि ती चांगली झाली होती. हे मी आज, एवढ्या वर्षांनंतरही, कसलाही संकोच न करता सांगते. मामंजींना सूर कळत नव्हता, पण ते ऐकताना चष्मा काढून हातात धरत. ते म्हणाले, "अंतरा झाला की कॉलेजच्या हॉलमध्ये लोकांना बोलावू. सोलापूरकरांना एकदा ऐकू दे तरी." अंगणात माझी चटई झटकलेली दिसली की ते काही न बोलता खोकं कपाटावरून काढायचे आणि व्हॉल्व्ह तापायला लावायचे.

आणि अशाच एका सकाळी मी चटई घेऊन मागे जात होते, मनात चाल घोळत होती, आणि माझं लक्ष सासूबाईंच्या चेहऱ्याकडे गेलं. तो उतरला होता. चटई दिसली की तो दर महिन्याला उतरत असणार, मी पाहिलंच नव्हतं. लग्नाला दोन वर्षं होत आली होती. नवराही त्या दिवशी चहा न पिताच मिलला गेला होता. सगळ्या घराने ज्या गोष्टीची धास्ती धरलेली, तिचीच मी दिवस मोजून वाट बघत होते. मला हे कळलं आणि मी जागच्या जागी थिजले. मला मूल नको होतं असं मुळीच नाही. हवं होतं. पण चटई हातात आली की मला आनंद व्हायचा, हेही खरं होतं. या दोन गोष्टी एकाच बाईच्या पोटात कशा राहतात?

त्या खेपेला अंतऱ्याला हात घातला. अंतरा वर चढतो, तार षड्जाला जाऊन भिडतो. आता, हात काठीपासून लांब असतो तेव्हा दोन सुरांमध्ये चांगलं वीतभर अंतर असतं. काठीजवळ जावं तसं ते अंतर आटत जातं, आणि तार षड्जाशी तर बोटाचं पेर हललं तरी सूर भलतीकडे. तीन दुपारी मी तिथे झगडले. कोमल निषादापर्यंत पोचत होते, पुढचा षड्ज लागत नव्हता. आणि समजा लागलाच, तर तिथून परत खाली समेवर यायचं कसं, तेही सुचत नव्हतं. ओळ निषादावर अर्धवट लटकली आणि चौथा दिवस उजाडला. म्हटलं, जाऊ दे, पुढच्या महिन्यात बघू.

पुढच्या महिन्यात मी बाजूला बसलेच नाही.

एक दिवस वर गेला, दोन गेले, मग आणखी काही. मी स्टोव्हपाशी भाजी ढवळत होते आणि एकाएकी मनाशी नक्की झालं की दिवस राहिले. आणि त्याच क्षणी जो विचार आला तो बाळाचा नव्हता. अंतरा राहिला. हे, एवढेच दोन शब्द. माझ्या हातातला डाव खाली पडला. आईपणाची बातमी कळली की बाई लाजते, रडते, देवापुढे दिवा लावते, हेच मी ऐकत आले होते. मी कसली बाई होते? मी स्वतःलाच इतकी घाबरले की नवऱ्यालाही काही सांगितलं नाही.

पुढचं मला स्पष्ट दिसत होतं. बातमी फुटली की घर आनंदाने नाचेल. नऊ महिने बाजूला बसणं नाही, म्हणजे दुपार नाही. सातव्या महिन्यात माहेर, मग बाळंतपण. माझी मोठी बहीण माझ्याहून चांगली पेटी वाजवायची. तिच्या पेटीवर तेव्हा तिसऱ्या बाळाची दुपटी घडी घालून ठेवलेली असायची. पेटी शेवटची कधी उघडली असं विचारलं तर तिला आठवायचंही नाही. मला मूल हवं होतं. पण तो अर्धवट लटकलेला निषाद जन्मभर तसाच राहणार, या विचाराने माझा जीव कासावीस होत होता.

आणखी काही दिवस गेले. सकाळची वेळ. दीर पाटावर जेवायला बसलेले, मामंजी पेपर वाचत होते, शेजारच्या काकू विरजण मागायला दारात उभ्या होत्या. मी परातीत पीठ घेतलं. सासूबाईंनी परात माझ्यासमोरून ओढून घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "राहू दे. भाकरी मी करते. सूनबाई आजपासून बाजूला आहे. शिवू नका रे तिला."

मी आ वासून त्यांच्याकडे बघितलं. मी कुठे बाजूला होते? मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पिठाचे हात झटकून उठले.

"व्हय?" काकू हळहळून म्हणाल्या. "मला आपलं वाटलं हुतं, औंदा कायतरी गोड कानावर यील."

"वाटलं ते वाटलं," सासूबाई म्हणाल्या आणि भाकरी थापायला लागल्या.

मी चटई घेऊन मागे गेले. या बाईंना काही समजलं नव्हतं, की समजूनच त्या बोलल्या होत्या? नवरा डबा घ्यायला आला आणि खाली मान घालून निघून गेला. मामंजींनी नेहमीप्रमाणे खोकं आणून उंबऱ्याशी ठेवलं, बटण लावलं आणि ते लायब्ररीत गेले. दुपारी घरात मी आणि सासूबाई दोघीच उरलो.

मी डोळे मिटून वाजवायला लागले, कारण दुसरं काय करायचं तेच सुचत नव्हतं. अस्थाई झाली. अंतऱ्याचं तोंड घेतलं. गंधार, मध्यम, पंचम, आणि निषादावर हात स्थिर धरला. हात जरासुद्धा हलला नाही, तरी सूर चढू लागला. चढतच गेला. वाटलं, काकू आल्या. डोळे उघडले तर सासूबाई उंबरा ओलांडून आत आलेल्या. त्या माझ्या शेजारून गेल्या, खोकं किंचाळलं, त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आणि खाली बसल्या. माझ्या चटईवर! ज्या चटईला त्या पायाचं बोटही लागू देत नसत, तिच्यावर त्या मांडी घालून बसल्या.

मी हात खाली केले. "आई, मी... मला तसं काही नाहीये."

"मला मोजता येतं," त्या म्हणाल्या.

"मग सगळ्यांना असं का सांगितलंत?"

"ती वर चढलेली ओळ तिथनं खाली कधी येणार आहे?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आजवर त्यांनी माझ्या वाजवण्याबद्दल रडगाणं यापलीकडे शब्द काढला नव्हता.

"महिना झाला, लटकलीय डोक्यात," त्या म्हणाल्या. "पूजा करताना तेच, भाकरी थापताना तेच. आज पुरी करून टाक. एकदा का लोकांना कळलं की तू तुझी राहत नाहीस. हे खा, ते उचलू नको, इथे उभी राहू नको. आणि मूल झाल्यावर तर काही विचारूच नको. बातमी काय, चार दिवस उशिरा सांगितली म्हणून पळून जात नाही."

"पण तुम्ही खोटं बोललात. सोवळ्यातलं." माझ्या तोंडून निघूनच गेलं. "देवाला काय सांगितलंत?"

"देवाला ठाऊक आहे. तो कुणाला सांगत नाही. वाजव तू. मी हलत नाही."

आणि त्या खरंच हलल्या नाहीत. दिवसभर घरात भिंगरीसारख्या फिरणाऱ्या त्या बाईला मी कधी नुसतं बसलेलं पाहिलं नव्हतं. हात मांडीवर, पाठ ताठ, श्वाससुद्धा बेतानं. खोक्यात आता त्यांचंही अंग मिसळलं होतं. मी खोक्यामागची सूर जुळवायची खुंटी पिळून सगळे सूर त्यांना धरून नव्याने लावले. खोक्याला मी हात लावला होता हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्यांच्या आधीच आलं असणार, पण त्या काही बोलल्या नाहीत.

तार षड्ज तिसऱ्या प्रयत्नाला लागला. इतका साफ लागला की मी तिथून निघायला तयार होईना. मग कळलं की खाली यायची वाट शोधायचीच नव्हती. मी महिनाभर शोधत होते ती कसलीतरी नागमोडी, हुशारीची उतरण. षड्जावर पुरेसं थांबल्यावर हात आपोआप दमून मागे आला आणि त्या दमण्यातच ओळ उतरली, निषाद, धैवत, पंचम, मध्यमावर जरा रेंगाळून गंधार, आणि घरी. मी पुन्हा वाजवली. पुन्हा. पुरी झाली होती. मामंजींनी ठरवल्याप्रमाणे पुढे कॉलेजच्या हॉलमध्ये ती एकदा वाजवली, लोकांनी ऐकली, काहींनी खोक्यात टेपरेकॉर्डर लपवलाय का म्हणून वाकून बघितलं. त्यानंतर ती कधी वाजली नाही. पण पुरी झाली ती त्या दुपारी.

सासूबाईंनी डोळे पुसले नाहीत, वा वा म्हटलं नाही. फक्त पाठ सैल सोडून भिंतीला टेकल्या. "चला," त्या म्हणाल्या, "सुटले मी."

मी त्यांच्याशेजारी चटईवर बसले. इतक्या जवळ आम्ही आधी कधी बसलो नव्हतो. मी विचारलं, "आई, पण हे असं सांगायचं तुम्हाला सुचलं कसं?"

"सुचायचं काय त्यात? मी बसायचे की अशी. याच खोलीत."

"अशी म्हणजे? काही नसताना?"

"काही नसताना. भरलं घर होतं तेव्हा. पहाटे दळणाला बसायचं ते दिवेलागणीपर्यंत कंबर टेकायला मिळायची नाही. मग मीच सांगायचे, मी आज बाजूला. आणि इथे येऊन झोपायचे. दुसरं काही नाही, नुसती झोपायचे. तू वाजवतेस तरी."

घरातला शिवाशिवीचा प्रत्येक नियम जिच्या धाकाने चालायचा ती ही बाई. मी विचारलं, "आणि तुमच्या सासूबाई? त्यांना कधीच कळलं नाही?"

"न कळायला काय झालं? एकदा चौथ्या दिवशी माझ्या डोक्यावर पाणी घालता घालता त्या कानाशी वाकल्या. मला वाटलं, मेले आता. तर हळूच म्हणाल्या, या खेपेला फार लवकर बसलीस. जरा थांबून बसत जा. लोक मोजतात."